आभा नंबर काढला म्हणजे माझे रिपोर्ट सरकारकडं जातात का?

नाही, जात नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या रेकॉर्ड डिपार्टमेंटला आहे आणि केस पेपर काढायच्या खिडकीवर हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. मागं लाइन लागलेली असते, त्यामुळं खिडकीतलं माणूस "काय होत नाही हो, ओटीपी सांगा" एवढं बोलून पुढच्याला बोलावतं. पण विचारणाऱ्याचा प्रश्न रास्त आहे, स्वतःच्या आजाराचे कागद कुठं जाणार हे त्यानं नाही विचारायचं तर कुणी विचारायचं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आभा म्हणजे पेशंटच्या कागदांसाठी केंद्र सरकारनं काढलेला ओळख नंबर. तो कशाला लागतो हे कळायला आधी मुळात अडचण काय आहे ते बघू. आपल्याकडं पेशंट एका जागी दाखवत नाही. जतकडचा माणूस पहिलं गावातल्या डॉक्टरला दाखवतो, मग तालुक्याला, मग मिरजेला आणि तिथंही नाही जमलं तर पुण्याला. अथणी, कागवाडची माणसं पिढ्यान् पिढ्या इकडं मिरजेलाच येतात. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणारी मंडळी तर देशभर पसरलीत, चेन्नईत अँजिओप्लास्टी करून घेतलेला माणूस जत्रेला गावी आला आणि छातीत दुखायला लागलं तर इथल्या डॉक्टरच्या हातात काहीच नसतं, स्टेंट कुठल्या नसेत टाकलाय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का मधेच बंद केलीय, काही माहिती नाही, फाइल चेन्नईच्या खोलीत. कारखाना चालू झाला की बीडकडून ऊसतोडीला आलेल्या गरोदर बाईचं तेच, माता बाल संरक्षण कार्ड गावाकडं राहिलेलं असतं आणि इथली नर्सताई पहिल्यापासून सगळं विचारत बसते. आणि २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा जुन्या फायलींचं काय झालं ते.

मला मात्र सगळ्यात जास्त जे खटकतं ते क्रिएटिनिन. किडनी कशी चाललीय हे सांगणारी ही साधी रक्ताची तपासणी. समजा शुगर आणि बीपी असलेलं एक साठीचं माणूस आहे. एका वर्षी एका लॅबला ०.९ आलं, दोन वर्षांनी दुसऱ्या लॅबला १.२, त्यानंतर तिसरीकडं १.६. लॅबच्या छापील कागदावर नॉर्मल रेंज साधारण १.२-१.३ पर्यंत असते, म्हणजे पहिले दोन रिपोर्ट सुटे सुटे बघितले तर कुणालाच काही वाटणार नाही, दोन्ही 'नॉर्मल'. तेच तिन्ही आकडे एका ओळीत लावले तर किडनी घसरत चाललीय हे डॉक्टरच काय घरातल्या शिकलेल्या पोरालाही दिसेल. आणि मधल्या काळात गुडघं दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या चालू असतात, त्या अशा किडनीला अजून त्रास देतात, आणि गुडघ्यावाल्या डॉक्टरला क्रिएटिनिन माहीत नसतं, शुगरवाल्याला गोळ्या माहीत नसतात. दोघंही आपापल्या जागी बरोबरच असतात. माहिती एकत्र आली नाही, एवढंच चुकलं.

यावर लोक म्हणतात की आमचे रिपोर्ट आहेत की व्हॉट्सॲपवर. आहेत ना, चांगलंच आहे, डिलीट करू नका. पण पीडीएफ किंवा कागदाचा फोटो हा माणसानं वाचायचा असतो, कॉम्प्युटरला त्यातलं काही आपोआप कळत नाही. एक लॅब 'एफबीएस' लिहिते, दुसरी 'बीएसएल फास्टिंग', तिसरी 'ग्लुकोज, उपाशीपोटी'. आपल्याला कळतं तिन्ही एकच आहेत, मशीनला ते तीन वेगळे शब्द वाटतात. म्हणून जगभरात प्रत्येक तपासणीला एक ठरलेला नंबर दिलाय, त्या पद्धतीचं नाव लॉइंक, त्यात रक्तातली उपाशीपोटीची शुगर म्हणजे १५५८-६ आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी म्हणजे ४५४८-४. लॅबच्या सॉफ्टवेअरनं रिपोर्टसोबत हा नंबर पाठवला की सांगलीची लॅब असो नाहीतर चेन्नईची, आकडे आपोआप एकाखाली एक बसतात. आजारांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी कोड आहेत, त्याच्या दहाव्या आवृत्तीत टाइप टू डायबेटिसला ई-११ आणि साध्या बीपीला आय-१०, आपल्या डिस्चार्ज कार्डवर किंवा क्लेमच्या कागदावर कोपऱ्यात असलं काहीतरी दिसलं तर ते हेच. हे सगळं एका हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधून दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या साच्यात जाणार तो साचाही ठरलेला आहे, त्याला फायर म्हणतात. केंद्रानं अशा रेकॉर्डसाठीची मानकं २०१३ ला काढली, २०१६ ला सुधारली. पेशंटला यातलं काही पाठ करायची गरज नाही, फक्त एवढं लक्षात ठेवा की 'डिजिटल रिपोर्ट' म्हणून जे मिळतं त्यात फोटो आणि खरा डेटा असे दोन प्रकार असतात आणि क्रिएटिनिनची ओळ फक्त दुसऱ्या प्रकारातून आपोआप तयार होते.

सीटी स्कॅन, एमआरआयचं वेगळं. त्यांचा साचा डायकॉम. एका सीटीत शेकडो चित्रं असतात आणि मोठ्या पिवळ्या पाकिटातल्या फिल्मवर त्यातली निवडक छापलेली असतात. त्यामुळं पुण्याला सेकंड ओपिनियनला जाताना नुसती फिल्म नेली तर तिथला डॉक्टर परत स्कॅन करायला सांगतो, आणि मग लोकांना वाटतं हा लुटतोय. स्कॅन सेंटरमधूनच सीडी किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण फाइल मागून घ्या. हल्ली लिंक पाठवतात, ती काही दिवसांनी बंद पडू शकते, म्हणून घरी गेल्या गेल्या डाउनलोड करून ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडं. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून या डिजिटल हेल्थ मिशनची घोषणा झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत चालवून बघितलं आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावानं देशभर सुरू झालं. चालवतं नॅशनल हेल्थ अथॉरिटी. यात पेशंटला १४ आकडी आभा नंबर मिळतो. त्याच्यासोबत एक आभा ॲड्रेस पण असतो, ईमेलसारखा दिसणारा, आपलं नाव आणि पुढं ॲट एबीडीएम. डॉक्टरांची वेगळी नोंदवही आहे, हॉस्पिटल-लॅब-दवाखान्यांची वेगळी. म्हणजे पेशंट कोण, डॉक्टर कोण आणि जागा कुठली, या तिघांना पक्की ओळख मिळाली. हे वाटतं तेवढं किरकोळ काम नाही. आमच्याकडं नुसतं शिवाजी पाटील टाइप करून बघा किती निघतात ते, वडिलांचं नाव पण सारखं, गाव पण तेच, आणि चुकून एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलला लागला तर काय होऊ शकतं याची कल्पना करा.

पण रिपोर्ट त्या नंबरच्या आत नसतात. तुमचा सोनोग्राफी रिपोर्ट जिथं निघाला त्या सेंटरच्याच सिस्टममध्ये राहतो, डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटलच्याच सर्व्हरवर राहतं. यूपीआयसारखं समजा, पैसे आपापल्या बँकेतच असतात, फोनमधल्या ॲपमध्ये सगळ्या पैशाची पेटी नसते, ते फक्त कुठल्या बँकेतून कुणाला द्यायचे हे सांगतं. इथंही मधे एक यंत्रणा आहे, तिला माहीत असतं की या आभाचे कागद कुठल्या कुठल्या हॉस्पिटलला आहेत. कुणी मागितले तर ती आधी तुम्हाला विचारते, तुम्ही हो म्हटलं तर कागद ज्याच्याकडं आहेत तिथून मागणाऱ्याकडं जातात, तेही कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट होऊन, मधल्यांना वाचता येणार नाहीत असे.

आता ओटीपी, आणि इथं सगळ्यात जास्त घोटाळा होतो. खिडकीवर मागतात तो ओटीपी आणि जुने रिपोर्ट बघायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीवरचा ओटीपी तुम्ही तेच आहात हे पटवायला, किंवा आभा नवीन काढायला, किंवा आज इथं जो कागद तयार होणार तो तुमच्या आभाला जोडायला असतो. तो सांगितला म्हणून आम्हाला तुमचे दुसऱ्या हॉस्पिटलचे कागद दिसायला लागत नाहीत. काही सरकारी आणि मोठ्या हॉस्पिटलांत भिंतीवर क्यूआर कोड असतो, फोननं स्कॅन केला की ओपीडीचा टोकन नंबर येतो, त्यातून पण नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर, आभा अशी ओळखीची माहितीच जाते. नाव सांगून लिहून घ्यायला लागणारा वेळ वाचतो, बाकी आजाराबद्दल काही जात नाही.

जुने कागद बघायचे असतील तर डॉक्टरला वेगळी मागणी पाठवायला लागते आणि ती तुमच्या ॲपमध्ये येते, आभा ॲप किंवा असलंच दुसरं कुठलं मान्यता असलेलं. त्या मागणीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात: कोण मागतंय आणि कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद पाहिजेत म्हणजे चिठ्ठी, लॅब रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, लसीकरण वगैरे, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि ही परवानगी कधीपर्यंत चालणार. घाईत कुणी वाचत नाही पण खरी चावी हीच आहे. यातलं कमी करता येतं, दहा वर्षांचं मागितलं तर दोन वर्षांचं द्या, सगळे कागद मागितले तर फक्त लॅब रिपोर्ट द्या, एखाद्या हॉस्पिटलचे कागद वगळा, सरळ नाही म्हणा. दिलेली परवानगी नंतर काढून पण घेता येते, मात्र तोवर जे समोरच्यानं बघितलं ते बघितलं, ते डोक्यातून पुसता येत नाही. माझं मत विचाराल तर डॉक्टरला मोकळ्या हातानं द्या, त्याला जेवढं जास्त दिसेल तेवढं चांगलं, पण कारण इन्शुरन्स क्लेमचं असेल तर तारखा नीट बघा, या ॲडमिशनच्या क्लेमला सहसा या ॲडमिशनचे आणि त्याच्याशी संबंधित कागद लागतात, अख्ख्या आयुष्याचे नाही.

आणि आता मोबाइल नंबर, ज्याच्यासाठी मला हा लेख लिहावासा वाटला. खिडकीवर रोज हे असं चालतं:

"मामा, मोबाइल नंबर सांगा."

"माझ्याकडं कुठला फोन, पोराचा घे की."

"पोरगा कुठं असतोय?"

"पुण्याला. तू टाक, लावतो त्याला फोन."

पोराचा नंबर टाकला जातो, पोरगा पुण्यातून कामाच्या गडबडीत ओटीपी सांगतो आणि काम झालं. बापाच्या बाबतीत हे चालून जातं, उलट पोराला वेळेवर रिपोर्ट दिसले तर बरंच आहे. पण हेच सुनेच्या बाबतीत बघा. घरात फोन एकच किंवा नंबर नवऱ्याचा नाहीतर सासऱ्याचा दिलेला. ज्याच्या हातात तो नंबर त्याला ॲपमध्ये शिरता येतं, मागणीला हो म्हणता येतं, रिपोर्ट उघडता येतो. गर्भपात झालाय, मानसोपचाराच्या गोळ्या चालू आहेत, एचआयव्हीची तपासणी केलीय, हे घरात कुणाला कळावं आणि कुणाला नाही हे ठरवायचा अधिकार त्या बाईचा आहे. एचआयव्हीबद्दल २०१७ चा कायदा आहे, मानसिक आजाराबद्दल २०१७ चाच दुसरा कायदा आहे, दोन्हींत गुप्ततेचा हक्क लिहिलाय, आणि एवढं सगळं असून नंबर दुसऱ्याचा दिल्यामुळं ते सगळं एका मेसेजमध्ये उघडं पडू शकतं. म्हणून आशाताई, नर्सताई, खिडकीवरची आमची माणसं, सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की बाई एकटी असताना तिला विचारा नंबर कुणाचा लावू. तिच्याकडं स्वतःचा फोन नसेल तर आभा नाही काढलं तरी चालतं. आभा सक्तीचं नाही, फुकट आहे आणि ऐच्छिक आहे, ते नाही म्हणून कुणी उपचार अडवू शकत नाही. काढलेलं नको वाटलं तर बंद पण करता येतं.

मग खिडकीवर एवढा आग्रह का करतात? एक कारण म्हणजे ओळख पक्की झाली की आमचं काम खरंच सोपं होतं. दुसरं, १ जानेवारी २०२३ पासून केंद्रानं एक प्रोत्साहन योजना सुरू केली, रेकॉर्ड आभाला जोडले की त्या प्रमाणात हॉस्पिटलला आणि सॉफ्टवेअर कंपनीला पैसे द्यायची सोय तिच्यात केली. यात वाईट काही नाही पण पेशंटला हे माहीत असावं असं मला वाटतं.

अजून एक गोंधळ निस्तरून घेऊ. आभा कार्ड दाखवून ऑपरेशन फुकट होत नाही. ५ लाखांचं ते आयुष्मान कार्ड वेगळं, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळी, त्यासाठी हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला रेशन कार्ड घेऊन भेटायचं. आभा फक्त कागदांच्या ओळखीसाठी. नावं जवळजवळ सारखी असल्यामुळं ऐन वेळी माणसं आभाचं कार्ड पुढं करतात आणि मग त्यांचा चेहरा बघवत नाही.

आता कमी काय पडतंय तेही सांगतो. गावातल्या छोट्या दवाखान्यांत अजून बऱ्याच ठिकाणी कागद आणि पेनच चालतं, आणि तिथला डॉक्टर सकाळच्या ओपीडीत एवढे पेशंट बघतो की प्रत्येकाचं टाइप करत बसला तर पेशंटच्या तोंडाकडं बघायला वेळ उरायचा नाही. त्यामुळं तुमच्या आभाला आज फक्त मोठ्या हॉस्पिटलचे कागद दिसतील आणि मधले गावच्या डॉक्टरचे दिसणार नाहीत, हे असं अर्धवट चित्र अजून काही काळ राहणार, डॉक्टरनं स्क्रीनवर जे दिसतं तेच पूर्ण समजून चालू नये आणि आपण पण तोंडानं सांगायचं सोडू नये. टाइप करणारा दमलेला असला की मागच्या वेळचा मजकूर तसाच कॉपी पेस्ट होतो, मग बंद केलेली गोळी कागदावर वर्षभर 'चालू' राहते. आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागायचा हल्ला झाला, सर्व्हर बंद पडले आणि देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या हॉस्पिटलमध्ये जवळजवळ दोन आठवडे हातानं कागद लिहून काम चालवायला लागलं. रेकॉर्ड सगळे एका जागी गोळा न करता आपापल्या ठिकाणी ठेवले तर एक हल्ला सगळ्यांना बुडवत नाही हा फायदा आहेच, पण मग प्रत्येक ठिकाणाला आपापलं दार नीट लावायला लागतं. रोजचा बॅकअप घेणं, त्यातला एक नेटपासून तोडून ठेवणं, आणि अख्ख्या स्टाफनं मिळून एकच पासवर्ड न वापरणं हे प्रत्येक हॉस्पिटलनं करायलाच पाहिजे. तुम्ही ज्या दवाखान्यात जाता तिथं पासवर्ड मॉनिटरला चिठ्ठी करून चिकटवलेला दिसला तर बिनधास्त बोला.

तोवर तुम्ही काय करायचं तर कागद टाकू नका. डिस्चार्जच्या दिवशी डिस्चार्ज कार्ड, सगळे लॅब रिपोर्ट, ऑपरेशन झालं असेल तर त्याच्या नोट्स, स्टेंट किंवा सांधा बसवला असेल तर त्याच्यावरचा स्टिकर, हे मागून घ्या. नंतर लागलं तर अर्ज करा, ॲडमिट पेशंटचे कागद मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. पण त्याच नियमात हे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षंच सांभाळायचं बंधन आहे, त्यानंतर बऱ्याच ठिकाणी ते नष्ट करतात, त्यामुळं आठ वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचे कागद शोधत आलेल्या माणसाला परत पाठवायची वेळ आमच्यावर येते आणि ते फार जिवावर येतं. घरचे जुने कागद उजेडात सपाट ठेवून फोटो काढा आणि ॲपमध्ये किंवा डिजिलॉकरमध्ये टाका, नुसत्या गॅलरीत ठेवले तर फोन पडला की गेले. बेशुद्ध माणूस ओटीपी सांगू शकत नाही, म्हणून रक्तगट, ॲलर्जी, चालू गोळ्या आणि घरच्याचा नंबर एवढं लिहिलेला एक कागद पाकिटात असू द्या.

आणि रेकॉर्डमध्ये चूक दिसली, समजा रक्तगट बी पॉझिटिव्हच्या जागी ओ पॉझिटिव्ह पडलाय, तर फोनवर सांगून सोडून देऊ नका. ज्या हॉस्पिटलनं ती नोंद केली तिथंच लेखी अर्ज द्यायचा, सोबत बरोबर असलेला रिपोर्ट जोडायचा आणि पोच घ्यायची, कारण कागद त्यांच्याकडं आहे आणि दुसरं कुणी तो बदलू शकत नाही. चुकीची माहिती दुरुस्त करून मागायचा हक्क २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही लिहिलेला आहे. चांगल्या सिस्टममध्ये जुनी नोंद खोडली जात नाही, ती तशीच राहते आणि तिच्यावर नवीन नोंद तारीख, वेळ आणि दुरुस्त करणाऱ्याच्या नावासकट बसते. तुमची फाइल कुणी कुणी आणि कधी उघडली याचीही नोंद तिथं पडत असते, आपल्या गावातल्या ओळखीच्या माणसानं उगीच उघडून बघितली असा संशय असेल तर त्याच अर्जात तेही विचारा.